वाघोलीचं टू बीएचके, कर्वेनगरचं वन बीएचके आणि साडेसातची ड्यूटी

(पत्र लांब होतं, थोडं कापून देतेय.)

"आम्ही पुण्यात कर्वेनगरला जुन्या सोसायटीत वन बीएचकेत राहतो, मी, मिस्टर आणि साडेतीन वर्षांची मुलगी. भाडं १७,५००, मेंटेनन्स मालक भरतात, डिपॉझिट ५०,०००. ॲग्रीमेंट दोन महिन्यांनी संपतंय आणि मालक आता एकदम २१,००० म्हणतायत. मी नळस्टॉपजवळ एका लॅबमध्ये आहे, सोमवार ते शनिवार, सकाळी साडेसातला हजर. मिस्टर खराडीला आयटीत, आठवड्यातून तीन दिवस ऑफिस. मुलगी खालच्याच मजल्यावर काकूंकडे पाळणाघरात असते. एक एजंट वाघोलीला टू बीएचके दाखवतोय, भाडं २२,०००, मेंटेनन्स २,८०० वेगळा, डिपॉझिट ८०,०००, मोठी टाउनशिप, पूल, जिम सगळं. मिस्टरांना फार आवडलाय, म्हणतात हजार रुपये जास्त देऊन अख्खी बेडरूम जास्त मिळतीये, शिवाय मेट्रो पण येतीये तिकडे. सासूबाई वर्षातले तीन-चार महिने आमच्याकडे असतात, जागा कमी पडते हे खरंय. नणंद म्हणते भाडं म्हणजे पैसे पाण्यात, तिकडंच ६५ लाखाला फ्लॅट मिळतोय तो घ्या. आणि मालक म्हणतात, सोडलंत तर रंगकामाचं एक महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून कापणार. काहीच सुचत नाहीये."

ताई, तुमच्या पत्रात मी एकाच ठिकाणी पेनने गोल केलाय, सोमवार ते शनिवार सकाळी साडेसात. पूल, जिम, जास्तीची बेडरूम हे सगळं त्या गोलाच्या बाहेरचं आहे. घरातला जो माणूस रोज जातो आणि सगळ्यात आधी जातो त्याच्या कामाजवळ घर पाहिजे असं माझं सरळ मत आहे, आणि तुमच्या घरात तो माणूस तुम्ही आहात. मिस्टर तीन दिवस जातात आणि आयटीत दहाला पोचलं तरी चालतं बहुतेक ठिकाणी. लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली म्हातारी माणसं बाकड्यावर बसलेली असतात, तिथं उशीर चालत नाही.

पण मिस्टरांना हे असं सांगून पटायचं नाही, त्यांना आकडे द्या. हजार रुपये जास्त हा त्यांचा हिशोब २१,००० आणि २२,००० समोरासमोर ठेवून केलाय. तो तसा करायचा नसतो, अकरा महिन्यांत घरामुळे खिशातून एकूण किती जाणार ते काढायचं आणि अकराने भागायचं. वाघोलीचे २२,००० अधिक मेंटेनन्स २,८००. एजंट एक महिन्याचं भाडं घेणार, म्हणजे २२,०००, त्याचे महिन्याला झाले २,०००. टेम्पो, हमाल, गीझर-पंखे काढून परत लावणं, नव्या खिडक्यांच्या मापाचे पडदे, नेट, हे कितीही हात आखडला तरी १२,००० कुठं गेलं कळत नाही, त्याचे अकराशे धरा. झाले २७,९००. इकडं मालकांनी सांगितलेले पूर्ण २१,००० जरी मान्य केलेत तरी मेंटेनन्स त्यांच्याकडे आहे. म्हणजे फरक हजाराचा नाही, ६,९०० चा आहे, आणि अजून तुम्ही घराबाहेर पाऊलसुद्धा टाकलेलं नाही.

आता पाऊल टाका. वाघोलीतून रामवाडीला शेअर रिक्षाने किंवा बसने यायचं, तिथून मेट्रो पकडून नळस्टॉप. मेट्रो चांगली आहे, स्वस्त आहे, मी स्वतः वापरते, रामवाडीपर्यंतचा तुकडा मार्च २०२४ ला सुरू झाल्यापासून नगर रोडवरच्या बऱ्याच जणांची सोय झाली. पण पहिली गाडी सकाळी सहाची. साडेसातला नळस्टॉपला हजर व्हायचं म्हणजे तुम्ही रामवाडीला सव्वासहा-साडेसहाला पाहिजे, म्हणजे वाघोलीतून साधारण पावणेसहाला बाहेर, म्हणजे साडेचारला उठणं, डबे, आणि साडेतीन वर्षांच्या पोरीला कोण उठवणार आणि कुठल्या पाळणाघरात सोडणार, पावणेसहाला कुठलं पाळणाघर उघडं असतं? मिस्टर सोडतील म्हणाल तर ते पत्रात लिहिलं असतं तुम्ही. रोजचे शंभर रुपये धरले तर २६ दिवसांचे २,६००. मिस्टरांचं पेट्रोल वाचेल हजारभराचं, कारण कर्वेनगर ते खराडी म्हणजे अख्खं शहर आडवं कापायचं, ते मान्य. सगळं मिळून वाघोली महिन्याला साडेआठ हजारांनी महाग पडतीये, आणि खालच्या काकूंसारखं पाळणाघर तिथं मिळेल का हे धरलेलंच नाही, ते मला आकड्यात बसवताही येत नाही.

अजून एक, मिस्टरांना विचारा की पहिल्या दिवशी हातात किती रोख पाहिजे. ८०,००० डिपॉझिट, २२,००० पहिलं भाडं, २२,००० एजंट, १२,००० सामान हलवायचे. एक लाख छत्तीस हजार. आणि जुने ५०,००० कधी परत येणार? घर रिकामं करून चावी दिल्यावर, आणि तेही मालकांच्या मूडवर. तो मधला महिना लोक क्रेडिट कार्डावर काढतात आणि मग सहा महिने ते फेडत बसतात.

मेट्रो येतीये याबद्दल. खोटं नाहीये ते. रामवाडी ते वाघोली-विठ्ठलवाडी आणि दुसऱ्या टोकाला वनाज ते चांदणी चौक या वाढीव मार्गांना केंद्राची मंजुरी जून २०२५ मध्ये मिळाली, पण कामाला चार वर्षं धरली आहेत, आणि पुण्यात चार वर्षं म्हणजे किती हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमचं ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचं आहे. जी मेट्रो तुम्ही त्या घरात असेपर्यंत येणार नाही तिचं भाडं आजपासून कशाला भरायचं? उलट खांब उभे राहायला लागले की तीन-चार वर्षं नगर रोडवर बॅरिकेड्स, ती मात्र नक्की तुमच्या वाट्याला येतील.

पाण्याचंही विचारून घ्या, आणि एजंटला विचारू नका, वॉचमनला विचारा, किंवा संध्याकाळी खाली पोरं खेळवणाऱ्या बायकांना. वाघोली २०२१ मध्ये महापालिकेत आली, त्या वेळी २३ गावं एकदम घेतली, पण हद्द वाढली म्हणून पाईपलाईन त्याच दिवशी पोचत नाही, या भागातल्या बऱ्याच सोसायट्या टँकरवर चालतात. मग २,८०० मध्ये टँकर धरलाय का, की एप्रिल-मे मध्ये वेगळी वर्गणी निघते, हे विचारायचं. ही काय एकट्या वाघोलीची तक्रार नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये तर २०१९ पासून दिवसाआड पाणी आहे आणि वाकड-पुनावळ्याच्या चकाचक बिल्डिंगांनाही तेच लागू. सिंहगड रोडच्या टोकाला किरकटवाडी-नांदेड भागात २०२५ च्या जानेवारीत जीबीएसची, म्हणजे हातपाय लुळे पडणाऱ्या नसांच्या आजाराची, साथ आली तेव्हा संशय पाण्यावरच गेला होता. घरात लहान मूल आहे म्हणून सांगतेय, पाणी कुठून येतं हा प्रश्न भाडं किती याच्या आधीचा आहे. आणि नदीकाठचं घर कुणी दाखवलं तर जुलै २०२४ मध्ये तिथं काय झालं होतं ते विचारा, सिंहगड रोडजवळच्या एकतानगरीत खडकवासला धरणाचं पाणी सोडल्यावर घरात शिरलं होतं आणि भाडेकरूंचे टीव्ही-फ्रिज गेले ते गेलेच.

आता तुमचे मालक. १७,५०० चे २१,००० म्हणजे सरळ वीस टक्के. पुण्यात रिन्यूअलला पाच ते दहा टक्के हा रिवाज आहे, कायदा नाही, हे लक्षात ठेवा. लीव्ह अँड लायसन्समध्ये, म्हणजे आपण करतो त्या नेहमीच्या भाडे-ॲग्रीमेंटमध्ये, मुदत संपली की तुम्हाला राहायचा हक्क उरत नाही, आणि अडून बसलात तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली दुप्पट दराने भरपाई मागता येते मालकाला, त्यामुळे बघू काय करतात असं म्हणून मुदतीनंतर राहायचा विचार करू नका. आधी जुनं ॲग्रीमेंट काढा, त्यात रिन्यूअलच्या वाढीचा टक्का लिहिलेला असतो बऱ्याचदा आणि दोघंही विसरलेले असतात. असेल तर विषयच संपला.

नसेल तर हा हिशोब करा, आणि त्यांनाही ऐकवा, गोड आवाजात. तुम्ही सोडलंत आणि घर फक्त एक महिना रिकामं राहिलं, तर त्यांना अकरातले दहा महिने २१,००० मिळणार, म्हणजे २,१०,०००. तुम्ही दहा टक्के वाढ देऊन १९,२५० ने राहिलात तर अकरा महिन्यांचे होतात २,११,७५०. म्हणजे तुम्हाला ठेवून ते फायद्यात आहेत, आणि यात रंग, एजंट, आणि नवा भाडेकरू कसा निघेल ही धाकधूक धरलेलीच नाही. कर्वेनगरमध्ये महिनाभरात घर जातं, तो भाग कॉलेजच्या मुलांचा आहे, पण चार पोरांना घर द्यायचं की एका छोट्या कुटुंबाला यात जुन्या सोसायट्यांचे मालक काय निवडतात ते आपल्याला माहितीये. ते चूक का बरोबर तो वेगळा विषय, पोरांवर अन्याय होतो हे माझं मत आहे, पण आज ते तुमच्या बाजूने आहे तर वापरा. सुरुवात १८,४०० पासून करा, म्हणजे पाच टक्के. १९,२५० ला थांबा.

आणि एवढं बोलणार आहातच तर दोन वर्षांचं ॲग्रीमेंट मागा, दुसऱ्या वर्षीची पाच टक्के वाढ त्यातच लिहून. लोकांना वाटतं अकरा महिनेच करता येतं, तसं काही नाही, आपल्याकडे लीव्ह अँड लायसन्स साठ महिन्यांपर्यंत करता येतं त्याच कमी स्टॅम्प ड्युटीत. अकरा महिन्यांचा आकडा आला तो रजिस्ट्रेशन चुकवायच्या युक्तीतून, आणि महाराष्ट्रात ती युक्ती चालतच नाही, इथं एक महिन्याचं असलं तरी ते रजिस्टर करावंच लागतं आणि ती जबाबदारी मालकाची आहे, त्याच १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५, नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही मालकालाच होऊ शकतं. वर, रजिस्टर नसेल आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगतो ते खरं धरून चालतात, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत.

खर्चही फार नाही. पूर्ण मुदतीचं भाडं, अधिक डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरून येणारं व्याज, या बेरजेच्या पाव टक्का स्टॅम्प ड्युटी. तुमच्या अकरा महिन्यांच्या हिशोबात पाच-सहाशे रुपये येते, आणि शहरात रजिस्ट्रेशन फी १,०००. बाकी एजंट जे घरी येऊन अंगठा घेतात आणि साडेतीन-चार हजार सांगतात तो त्यांचा मेहनताना, तो कमी करता येतो, अर्धा-अर्धा वाटताही येतो. काही मालक म्हणतात रजिस्टर नको, नोटरी करू. का म्हणतात माहितीये? महापालिका स्वतः राहणाऱ्या मालकाला मिळकतकरात ४० टक्के सवलत देते, घर भाड्याने दिलंय हे कागदावर आलं तर ती जायची भीती. त्यांची सवलत त्यांना लखलाभ, पण तिच्यासाठी तुमचे ५०,००० नोटरीच्या कागदावर ठेवू नका.

नणंदेचं थोडक्यात. ६५ लाखांचा फ्लॅट म्हणजे वीस टक्के स्वतःचे, १३ लाख. बांधकाम चालू असेल तर जीएसटी ५ टक्के, सव्वातीन लाख. स्टॅम्प ड्युटी पुण्यात ७ टक्के, एकट्या तुमच्या नावावर घेतलात तर बाईमाणूस म्हणून एक टक्का सूट, तरी ३ लाख ९० हजार. रजिस्ट्रेशन ३०,०००. हे वीस लाखांच्या वर गेलं आणि अजून हप्ता सुरू व्हायचाय, तो ५२ लाखांवर साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी पंचेचाळीस हजारांच्या आसपास, आणि ताबा मिळेपर्यंत भाडं आहेच. भाडं म्हणजे पैसे पाण्यात असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी विचारते की पहिल्या काही वर्षांत हप्त्यातला व्याजाचा मोठा वाटा मग कुठं जातो, तो काय गच्चीवर वाळत घालतात? घर घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण ते वीस लाख जमलेले असतील तेव्हा, महारेराच्या, म्हणजे बिल्डरांच्या प्रोजेक्टची नोंदणी करणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या, साईटवर प्रोजेक्ट बघून, आणि मुलीची शाळा कुठली हे ठरल्यावर. ॲग्रीमेंट संपतंय म्हणून दोन महिन्यांत कुणी फ्लॅट घेत नाही, घेऊ नये.

सासूबाईंचा प्रश्न मात्र खरा आहे, त्याला मी हसणार नाही. वन बीएचकेत हॉलमध्ये गादी टाकून चार महिने काढणं त्यांनाही जड जातं आणि तुम्हालाही, पहाटे तुमची भांड्यांची खुडबुड आणि मिस्टरांचे रात्रीचे कॉल यात त्या बिचाऱ्या झोपणार कधी. पण चार महिन्यांच्या पाहुण्यासाठी बारा महिन्यांचा साडेआठ हजारांचा खड्डा हा सौदा मला पटत नाही. टू बीएचके पाहिजेच असेल तर वारज्यात शोधा, माळवाडीच्या बाजूला, किंवा कोथरूड डेपोच्या मागच्या जुन्या बिल्डिंगांमध्ये. लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगचं भाडं तेवढ्याच जागेला कमी असतं, पहिला मजला मिळाला तर सासूबाईंच्या गुडघ्यांनाही चालेल. शिवणे-उत्तमनगर अजून स्वस्त पडेल पण तिथलं पाणी आणि सकाळचा रस्ता दोन्ही स्वतः जाऊन बघा, साडेसहा-सातच्या वेळेला, रविवारी दुपारी बघून काही कळत नाही. ॲप बघा पण त्याच्यावर थांबू नका, या भागातली बरीच जुनी घरं ॲपवर येतच नाहीत, सोसायटीच्या गेटवर 'भाड्याने देणे आहे, एजंटांनी त्रास देऊ नये' अशी पाटी असते, किंवा किराणावाल्याला आणि इस्त्रीवाल्याला माहिती असतं कोण सोडतंय. आणि फोनवरच टोकन मागणारा, मी आर्मीत आहे क्यूआर स्कॅन करा म्हणणारा मालक भेटला तर फोन ठेवून द्या.

नव्या सोसायटीने भाडेकरू म्हणून जादा पैसे मागितले तर ते नॉन ऑक्युपन्सी चार्जेस असतात, मालक स्वतः राहत नाही म्हणून लावलेले, ते मालकाने भरायचे असतात आणि सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या वर लावता येत नाहीत, २००१ चा सरकारी आदेश आहे तसा. मालक हळूच तुमच्या माथी मारतात, आधीच बोलून घ्या.

मिस्टरांचं ऑफिस तीन दिवसांवरून पाच दिवस झालं तर मग मधलं काहीतरी, वडगाव शेरी किंवा येरवडा, मेट्रोजवळ, जिथून तुम्हाला नळस्टॉप एका गाडीत आहे. पण ते झालं तर बघू. आत्ता ते नळस्टॉपवरून रामवाडी मेट्रोने आणि पुढं बस-रिक्षाने जाऊ शकतात तीन दिवस, गाडी घरी ठेवून. त्यांनी एकदा करून बघावं, नगर रोडवर क्लच दाबत बसण्यापेक्षा बरंच बरं आहे ते.

राहिलं रंगकाम. ॲग्रीमेंटमध्ये लिहिलं असेल तर कापतील, सही तुमचीच आहे. लिहिलं नसेल तर रोजच्या वापराने भिंत मळते ती तुमच्या खात्यावर टाकता येत नाही, पोरीने क्रेयॉननी चित्रं काढली असतील ती भिंत वेगळी. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा आणला, त्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याच्या वर नको असं आहे, पण तो आपोआप लागू होत नाही, राज्याने स्वतःचा कायदा करावा लागतो, त्यामुळे तो मालकांना दाखवून भांडू नका, ते हसतील. त्यापेक्षा आजच घराचे फोटो आणि व्हिडिओ काढून ठेवा, खोली-खोलीचे, नळ, टाइल्स, दारं, सगळं. आणि राहायचं ठरलं तर नव्या ॲग्रीमेंटमध्ये एक ओळ घाला, रंगाचे पैसे बिल दाखवून आणि फक्त नुकसान झालेल्या भिंतींचे. शेवटचे दोन महिने भाडं न देता डिपॉझिटमधून वळतं करायची जी पद्धत आहे ती करायची असेल तर मालकांचं हो व्हॉट्सॲपवर लेखी घ्या, न विचारता केलंत तर संबंध बिघडतात, आणि कर्वेनगरमध्येच दुसरं घर बघायचं असेल तर पुढचा मालक आधीच्या मालकाला फोन करतोच.

आज रात्री मालकांना एवढाच मेसेज टाका: "काका, आम्हाला इथंच राहायला आवडेल. वाढीबद्दल आणि दोन वर्षांच्या ॲग्रीमेंटबद्दल बोलायचं होतं, रविवारी सकाळी येऊ का?" त्यात आकडा लिहू नका. आणि जाताना मिस्टरांना घेऊन जा, पण वाघोलीचा हिशोब त्यांना शनिवारीच दाखवा, नाहीतर मालकांसमोर तेच म्हणतील की आम्ही तिकडं टू बीएचके बघितलाय.